संत जनाबाई

संत जनाबाई (मृत्यू : इ.स. १३५०, पंढरपूर) या वारकरी संप्रदायातील संत-कवयित्री होत. परभणी जिल्ह्यातील गोदावरीकाठचे गंगाखेड हे त्यांचे जन्मगाव. परंपरेनुसार वडिलांचे नाव दमा आणि आईचे करुंड असून दोघेही विठ्ठलभक्त होते.

लहान वयातच जनाबाईंना पंढरपूर येथे संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवण्यात आले. खेळण्याच्या वयात आई-वडील दुरावले आणि परक्या घरातील दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या वेचणे ही कामे वाट्याला आली. नामदेवांच्या सहवासात त्या अभंगरचना करू लागल्या. त्यांच्या नावावरील सुमारे ३५० अभंग नामदेवगाथेत समाविष्ट आहेत. स्वतःचा उल्लेख त्यांनी बहुधा नामयाची दासी असा केला आहे.

बालपणीच्या पोरकेपणाचा ठसा त्यांच्या काव्यावर स्पष्ट दिसतो. आई-बाप गमावलेली जनी विठ्ठलाला आपला सांभाळ करण्याची विनवणी करते. मग हा देव विठाबाई होऊन तिचे केस सोडतो, उवा काढतो, जात्यावर तिच्यासोबत दळू लागतो. आईने करावयाची कामे येथे देव करतो. तो दुर्लक्ष करतो असे वाटताच मात्र जनी हक्काने त्याच्याशी भांडते, त्याला शिव्याही देते.

आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२ रोजी त्या पंढरपूर येथे समाधिस्थ झाल्या. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांत जनी आणि विठ्ठल ही जोडी पुढेही गायिली जात राहिली.