वेरूळच्या पाटलाची गढी : मालोजीराजे भोसले

देवगाव रंगारी : श्रावणात आपल्या भागातली माणसं कसाबखेड्यामार्गे घृष्णेश्वराला जातात. दर्शन घेतात, लेणी बघतात अन् माघारी फिरतात. गावातच भोसल्यांच्या गढीचे अवशेष आहेत, तिकडं मात्र पाय फार वळत नाहीत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे याच वेरूळचे पाटील.

वडील बाबाजी भोसले यांच्यापासून वेरूळची पाटीलकी घरात होती. पाटीलकी म्हणजे वतन. गावचा सारा गोळा करायचा, तंटे मिटवायचे. बदल्यात इनाम जमीन आणि मानपान, तेही पिढ्यानपिढ्या. पण मालोजी आणि धाकटे विठोजी यांचं तेवढ्यावर भागलं नाही. दोघांनी सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांकडे चाकरी धरली.

पुढची गोष्ट बखरींनी सांगितलेली. रंगपंचमीला वाड्यात सगळे जमलेले असताना लखुजींनी जिजाऊ आणि शहाजीचा जोडा शोभतो असं थट्टेनं म्हटलं. मालोजींनी लगेच सोयरीक जुळल्याचं जाहीर करून टाकलं. जाधवांच्या घरातून विरोध झाला. पाटलाच्या पोराला मुलगी द्यायची कशी? भावांची चाकरी गेली, दोघं वेरूळला येऊन शेती करू लागले.

मग म्हणे देवीनं शेतात धन दाखवलं अन् ते श्रीगोंद्याच्या शेषो नाईक पुंडे सावकाराकडे ठेवलं. धनाचं देव जाणे, पण सावकार पाठीशी असल्याशिवाय घोडी-शिपाई उभे राहत नाहीत, हे शेतकऱ्याला सांगायला नको. फौज जमली. निजामशाहीनं राजे हा किताब दिला, पुणे-सुप्याची जहागीर दिली. शहाजी-जिजाऊंचं लग्न थाटात झालं.

जहागीर मात्र वतनासारखी नव्हे. चाकरी आहे तोवर महसूल आपला, दरबार फिरला की गेली.

हाती पैसा आल्यावर मालोजींनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. आजचं देऊळ त्यानंतरचं, होळकरांच्या काळातलं. शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर चैत्रात यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल व्हायचे, तिथं त्यांनी मोठं तळं बांधलं. दुष्काळी भागातल्या माणसानं केलेलं हे काम आम्हाला तरी सगळ्यात मोठं वाटतं.

इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे पडले. शहाजी तेव्हा लहान. पोरांना विठोजींनी सांभाळलं, जहागीर शहाजींच्या नावानं चालू राहिली. पुढं शहाजी कर्नाटकात गेले, घराण्याचं नाव पुण्याकडं वाढलं.

वेरूळला विठोजींचा मुलगा खेळोजी राहिला. आधी निजामशाहीत, मग मोगलांकडे, अशा चाकऱ्या करून तो शेवटी घरी आला होता. १६३९ मध्ये औरंगजेबाच्या माणसांनी त्याला तिथंच गाठून मारलं.