फादर थॉमस स्टीफन्स : सांगण्यापूर्वीची तयारी



आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावयाची असेल, तर सांगणाऱ्याची तयारी कोणती असावी? धर्मग्रंथांचे ज्ञान हवे आणि त्याला साजेसे आचरण हवे, हे तुम्ही सहज सांगाल. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या चरित्रातून आणखी एक तयारी आपल्या लक्षात येते. ती म्हणजे ऐकणाऱ्याच्या भाषेचे अध्ययन. हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचा मराठी ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला. मधल्या ३७ वर्षांत काय घडले, ते या पाठात आपण पाहणार आहोत.

पूर्वायुष्य

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी एका व्यापारी कुटुंबात झाला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिक पंथाचे आचरण तेथे धोक्याचे झाले होते. स्वतःची श्रद्धा उघडपणे जपण्यासाठी त्यांना मायदेश सोडावा लागला. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी येशूसंघात, म्हणजेच जेझुइट संघात, प्रवेश केला. पुढे ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या जहाजातून ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. या खडतर समुद्रप्रवासाचे वर्णन करणारे पत्र त्यांनी वडिलांना लिहिले. ते १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये एका प्रवासवर्णन-संग्रहात प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मायदेशी ज्यांची श्रद्धा सत्तेला खुपत होती, तेच स्टीफन्स गोव्यात मात्र सत्तेच्या आश्रयाने वावरत होते. त्यांच्या जीवनातील हा विरोधाभास विसरून त्यांचे मूल्यमापन करता येणार नाही.

साष्टीतील वास्तव

स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य दक्षिण गोव्यातील साष्टी भागात गेले. तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने ते येण्यापूर्वीच पाडली होती आणि हिंदू धर्मग्रंथांवरही बंदी घातली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांचा रोष उसळला आणि पाच जेझुइट धर्मोपदेशक मारले गेले. नंतर सत्ताधाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलावून घेतले आणि त्यांचा वध केला. ज्यांच्या देवळांचे दगड विखुरलेले होते, त्यांच्यासमोर उभे राहून प्रेम आणि क्षमा यांचा संदेश सांगावयाचा, ही स्टीफन्स यांच्यापुढील खरी अडचण होती. सत्तेच्या बळावर माणसे प्रार्थनामंदिरात आणता येतात, परंतु त्यांचे मन ऐकण्यास प्रवृत्त होईलच असे नाही.

भाषेचे अध्ययन

स्टीफन्स कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा शिकले. गोव्यात घरी आणि बाजारात कोकणी बोलली जात असे, तर कथा-कीर्तन आणि पुराणश्रवण यांची भाषा मराठी होती. दोहोंचे कार्य निराळे आहे, हे त्यांनी ओळखले. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तररूप पुस्तिका त्यांनी कोकणीत लिहिली आणि दीर्घ काव्यासाठी मराठी निवडली. कोकणीचे व्याकरणही त्यांनी रचले. पुस्तिका १६२२ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या निधनानंतर, रायतूर येथे छापली गेली. व्याकरणात दियोगु रिबेरू यांनी भर घातली होती. भारतीय भाषेचे छापील स्वरूपातील हे अगदी आरंभीचे व्याकरण होय.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांचे आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नोंदविले. विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीचा विचार १७८६ मध्ये मांडला, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे महत्त्व कळते. परक्या भाषेला रानटी बोली न समजता तिला ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीत बसविणे, हा त्या भाषेच्या आणि ती बोलणाऱ्यांच्या सन्मानाचा भाग होता.

क्रिस्तपुराण

या अध्ययनाचे फळ म्हणजे १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. ‘पैले पुराण’ विश्वाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा सांगते, तर ‘दुसरे पुराण’ येशू ख्रिस्ताचे चरित्र सांगते. जुनी पुराणे हिरावली गेल्यावर नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या जीवनात जी पोकळी निर्माण झाली, तिची दखल ग्रंथाच्या आरंभीच घेतलेली आहे. श्रोता विचारतो आणि गुरू उत्तर देतो, ही आपल्या परिचयाची संवादपद्धती येथे दिसते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. ग्रंथात मराठीची मुक्तकंठाने स्तुती आहे आणि श्रोत्यांच्या सोयीसाठी सोपे कोकणी शब्दही मिसळलेले आहेत. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे ही मराठी रोमन लिपीत छापावी लागली. तरीही ऐकणाऱ्याच्या कानाला ओवी ओवीच वाटत होती.

स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यात निवर्तले. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखित प्रतींच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा प्रकाशात आला आणि १९५६ मध्ये पुणे येथे देवनागरीत छापला गेला.

समारोप

१६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावी, असा हुकूम काढला. स्टीफन्स यांच्या कार्याशी त्याची तुलना करून पाहा. हुकमाने श्रोत्यावर आपली भाषा लादली, तर स्टीफन्स यांनी सांगणाऱ्यानेच श्रोत्याची भाषा शिकावी, हा मार्ग पत्करला. त्यांच्या पाठीशीही सत्ता होती आणि जुनी पुराणे गेली नसती, तर नव्या पुराणाची मागणी कदाचित झाली नसती, हे नाकारता येत नाही. तथापि जी श्रद्धा त्यांना सांगावयाची होती, तिच्यासाठी त्यांनी प्रथम विद्यार्थी होणे स्वीकारले. ग्रंथ छापला गेला, तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास होते. नोकरी आणि संसार सांभाळून उशिरा शिक्षणाकडे वळलेल्या तुम्हाला या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

विचार करा

१. साष्टीतील राजकीय परिस्थितीचा ‘क्रिस्तपुराणा’च्या निर्मितीशी कोणता संबंध दिसतो?
२. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजल्याने अर्थ स्पष्ट होतो की बदलतो? तुमचे मत सकारण लिहा.
३. तुमची एखादी दृढ धारणा भिन्न विचारांच्या व्यक्तीला सांगावयाची असल्यास तुम्ही आधी कोणती तयारी कराल?