डालडाच्या डब्याविरुद्ध उभा राहिलेला वर्ध्याचा सीए : जे. सी. कुमारप्पा

आज शहरात लाकडी घाण्याचं तेल दुप्पट-तिप्पट भावाने विकलं जातं. याच घाण्यासाठी 90 वर्षांपूर्वी वर्ध्यात एक माणूस झगडत होता. लंडनमध्ये अकाउंटन्सी आणि अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस म्हणजे जे. सी. कुमारप्पा.

4 जानेवारी 1892 रोजी तंजावरच्या तमिळ ख्रिश्चन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईत ऑडिटची प्रॅक्टिस जोरात होती, अंगावर सुटाबुटाचा थाट होता. 1929 मध्ये साबरमतीला गांधीजींशी भेट झाली आणि सूट सुटला, खादी आली. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा कुमारप्पा त्याचे सचिव झाले. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग संघाला दिली. तीच आजची मगनवाडी.

नेमक्या त्याच काळात बाजारात वनस्पती तूप येत होतं. 1937 मध्ये डालडा आला.

हे तूप बनतं कसं? शेंगदाण्याचं तेल पातळ असतं, कारण त्यातल्या फॅटी ॲसिडच्या साखळीत काही ठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध असतात. तेल तापवून त्यात निकेलची बारीक भुकटी मिसळतात आणि दाबाखाली हायड्रोजन सोडतात. हायड्रोजन त्या बंधांवर जाऊन बसतो आणि तेल घट्ट होतं. निकेल मात्र स्वतः खर्च होत नाही. तो फक्त काम घडवून आणतो, म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणतात. धातूंच्या या करामतीवर संशोधन करणाऱ्या पॉल साबातिए यांना 1912 चं नोबेल मिळालं होतं.

कुमारप्पांचा आक्षेप हिशेबाचा होता. शेंगदाणा गिरणीत गेला की गावच्या तेल्याचा घाणा बंद पडतो. पेंडही गावाबाहेर जाते, म्हणजे बैलाचा खुराक गेला. वर हे घट्ट तेल साजूक तुपात बेमालूम मिसळतं, त्यामुळे गवळ्याचंही नुकसान.

मगनवाडीने नुसती टीका केली नाही. झवेरभाई पटेलांनी तिथे सुधारित घाणा तयार केला, तो वर्धा घाणी म्हणून ओळखला जातो. रॉकेलऐवजी अखाद्य तेलावर जळणारा मगनदीप नावाचा कंदीलही इथलाच. गांधीजींनी 1938 मध्ये उघडलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे.

बाजारात मात्र कुमारप्पा हरले. वनस्पती घरोघरी पोचलं. भेसळ ओळखता यावी म्हणून सरकारने त्यात 5 टक्के तीळतेल सक्तीचं केलं, कारण तीळतेल रासायनिक चाचणीत लालसर रंग देऊन लगेच सापडतं.

पुढे कुमारप्पा वर्धा जिल्ह्यातल्या सेलडोहला पन्नई आश्रमात शेतीचे प्रयोग करत राहिले. 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मदुराईत त्यांचं निधन झालं.

तेल अर्धवट घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला घातक असतं, हे नंतर सिद्ध झालं. 2022 पासून भारतात तेल-तुपात त्याची मर्यादा 2 टक्के आहे. कुमारप्पांचा मुद्दा मात्र वेगळाच होता : ताटातला घास बनवताना काम कुणाच्या हाताला मिळतं? महागडी घाण्याची बाटली घेतानाही हा प्रश्न विचारायला हरकत नाही.