फुटबॉलच्या मैदानावरचे मास्तर

४ सप्टेंबर १९६२. जकार्तातील सेनायन स्टेडियम सुमारे लाखभर प्रेक्षकांनी खच्चून भरले होते आणि त्यातला जवळपास प्रत्येक जण भारताच्या विरोधात होता. इंडोनेशियाने आशियाई क्रीडास्पर्धांतून इस्राएल आणि तैवान यांना दूर ठेवले होते. त्याला भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि यजमानांचा रोष भारतीय पथकावर कोसळला. आदल्याच दिवशी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला चढवला होता. अशा वातावरणात दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना खेळायला उतरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला कर्करोगाने ग्रासले होते. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

भारतीय फुटबॉल संघाला आजवर देशी-विदेशी असे अनेक प्रशिक्षक लाभले. सिरिच मिलोव्हान, बॉब हॉटन, स्टीफन कॉन्स्टन्टाइन, इगोर स्टिमाच अशी परदेशी नावे आली आणि गेली. पण प्रशिक्षकांच्या या परंपरेचा विषय निघाला की जाणकारांचे बोलणे आजही फिरून रहीम यांच्यापाशीच येते.

१७ ऑगस्ट १९०९ रोजी निजामाच्या हैदराबादेत जन्मलेले रहीम हे पेशाने शिक्षक. उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आणि स्वतः मैदान गाजवलेले; मात्र त्यांचा पिंड खेळाडूपेक्षा मास्तराचाच अधिक. शाळेत मुलांना शिकवावे आणि संध्याकाळी मैदानावर पाय ठेवावा, असा त्यांचा क्रम असे. १९४०च्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि त्यांनी शिकवण्याची आपली हातोटी या खेळात उतरवली. केवळ कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा, चेंडू पायाशी खेळवत ठेवण्यास मज्जाव असलेल्या स्पर्धा, ठरावीक उंचीखालील मुलांच्याच स्पर्धा असे नाना प्रयोग त्यांनी केले. यात गंमत वाटली तरी हेतू पक्का होता. दोन्ही पाय सारखे चालावेत, चेंडू चटकन सहकाऱ्याकडे जावा आणि केवळ अंगापिंडाने लहान म्हणून कुणी मागे राहू नये.

या शाळेचे पहिले ठळक यश मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले. रहीम यांच्या तालमीत तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे कुपरेजवर रोव्हर्स करंडक जिंकला. कोलकात्याचे बलाढ्य क्लब म्हणजेच भारतीय फुटबॉल, असे मानण्याच्या त्या काळात एका पोलीस संघाने केलेला हा पराक्रम सोपा नव्हता. पुढे ही स्पर्धाच बंद पडली. त्या पाच वर्षांच्या आठवणी आता जुन्या कात्रणांतच उरल्या आहेत.

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बलाईदास चटर्जी यांच्या मार्गदर्शनाखाली भारत फ्रान्सकडून १-२ असा निसटता हरला होता. दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या, तर निकाल वेगळा दिसता. त्यानंतर राष्ट्रीय संघाची सूत्रे रहीम यांच्या हाती आली आणि १९५१च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत, दिल्लीत, मेवालालच्या एकमेव गोलाच्या बळावर भारताने इराणला नमवून सुवर्णपदक मिळवले.

पुढचेच वर्ष मात्र जिव्हारी लागणारे ठरले. हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंडीत, ओल्या मैदानावर आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. पण दोष केवळ पायांत नव्हता, तो मांडणीतही होता, हे रहीम यांनी ओळखले. दोनच बचावपटूंवर भिस्त ठेवणारी जुनी पद्धत टाकून त्यांनी तीन बचावपटूंची रचना रुजवली. त्याच हेलसिंकीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या हंगेरीचा मधला आघाडीपटू मागे सरकून खेळत असे आणि प्रतिस्पर्धी बचावाला चकवत असे. ती युक्तीही रहीम यांच्या नजरेतून सुटली नाही. पराभवाचा असा अभ्यास करणारे प्रशिक्षक आपल्याकडे आजही मोजकेच.

त्याचे फळ १९५६ साली मेलबर्नमध्ये दिसले. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली आणि मग यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळ गोव्याचा हा खेळाडू मुंबईच्या मैदानांवर घडला होता. तो भारतासाठी गोल करत होता तेव्हा त्याचा गोवा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे. उपांत्य सामन्यात नेव्हिलनेच युगोस्लाव्हियावर आघाडी मिळवून दिली, पण अखेर भारत ४-१ असा हरला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी बाजी मारली. चौथे स्थान. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये भारताने याहून वरची पायरी कधीही गाठलेली नाही.

१९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गट कठीण होता. हंगेरीकडून १-२ अशी हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी आणि पेरूकडून पराभव, असा प्रवास गटातच संपला. या संघात रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता. वडील प्रशिक्षक असूनही त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही.

आणि मग जकार्ता. सुरुवातच कोरियाकडून ०-२ अशा पराभवाने झाली. थायलंडविरुद्ध ४-१ विजय मिळाला, पण त्यात बचावफळीचा कणा असलेल्या जर्नेल सिंगच्या डोक्याला जबर जखम झाली आणि टाके घालावे लागले. जपानला २-० असे हरवून भारत उपांत्य फेरीत आला, तेव्हा रहीम यांनी कुणालाही न सुचणारा निर्णय घेतला. जखमी जर्नेलला त्यांनी बचावातून काढून थेट आघाडीवर खेळवले. हा जुगार होता, पण जर्नेलने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला.

अंतिम सामन्यापूर्वी रहीम यांनी आपल्या खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असे त्या संघातले खेळाडू पुढे सांगत. चुनी गोस्वामीचा हा संघ पी. के. बॅनर्जी, बलराम, थंगराज, अरुण घोष, युसूफ खान आणि गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको अशा एकाहून एक खेळाडूंचा होता. प्रेक्षकांच्या गोंगाटात सतराव्या मिनिटाला बॅनर्जीने पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी जर्नेलने दुसरा मारला. कोरियाने एक गोल फेडला तो अगदी शेवटी, आणि भारत २-१ असा जिंकला. त्या वैरी गर्दीत भारतासाठी टाळ्या वाजवणारे थोडे होते, त्यात पाकिस्तानचे हॉकीपटू होते असे सांगितले जाते.

आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे ते भारताचे दुसरे आणि आजवरचे शेवटचे सुवर्णपदक. मायदेशी परतल्यावर आजार बळावत गेला आणि ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी, रहीम यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या हॅरी राइट यांच्या मार्गदर्शनाखाली भारत आशिया चषकात उपविजेता ठरला, पण टोकियो ऑलिम्पिकची पात्रता हुकली. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकला गेलेलाच नाही. १९७० साली बँकॉकला हैदराबादच्याच सय्यद नईमुद्दीनच्या नेतृत्वाखाली कांस्यपदक मिळाले, एवढाच काय तो दिलासा.

रोममध्ये राखीव बाकावर बसून राहिलेला मुलगा हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाला, आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नावाजला आणि २०१७ साली ध्यानचंद पुरस्काराचा मानकरी ठरला. वडिलांच्या आयुष्यावर बेतलेला ‘मैदान’ हा अजय देवगणची भूमिका असलेला चित्रपट एप्रिल २०२४मध्ये पडद्यावर आला. तो पाहायला हकीम नव्हते. ऑगस्ट २०२१मध्येच त्यांचे निधन झाले होते.