जीर्ण रुमालांचा वाचक

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. मराठ्यांचा इतिहास मराठ्यांच्याच अस्सल कागदांवरून लिहिला पाहिजे, या ध्यासाने त्यांनी आयुष्य वेचले. तरुणपणीच पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. गावोगावच्या जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर, वाळवीच्या तोंडी पडलेले मोडी कागदांचे रुमाल हाच त्यांचा संसार झाला.

हे कागद वाचणे सोपे नव्हते. आधी शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे जोडत जायची, ही मोडीची रीत. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांत अंतर नाही. प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. अक्षर लागले तरी काळ लागेलच असे नव्हते. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे अरबी शब्द म्हणजे सुहूर सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून ते इसवी सन १७६०-६१ मध्ये पडते. पानिपतचा संग्राम याच वर्षातला. अनेक पत्रांवर तर वर्षच नसे, केवळ चंद्र म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख असे. तेथे मजकुरातील माणसे आणि घटना पारखून वर्ष ठरवावे लागे.

पानिपतच्या काळातील पत्रांचा, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतील पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात त्यांचा पुढाकार होता. घरातील कागद ही कुळाची खासगी ठेव मानली जात असे. राजवाड्यांनी ती समाजाची ठेव केली. अखेरच्या काळात ते धुळ्यास राहिले. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढल्याच वर्षी त्या शहरात उभे राहिले.

२०२३ साली कुणबी नोंदींसाठी राज्यातील जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची वानवा प्रकर्षाने जाणवली. पणजोबांचे नाव कागदावर असूनही वारसांना ते वाचता येत नव्हते. कागद जपणे हे अर्धेच काम; तो वाचणारा डोळाही जपावा लागतो. राजवाड्यांच्या आयुष्याचा हा धडा आजही तितकाच खरा आहे.