फळ्यावरची नावे

शाळेत मी मॉनिटर होतो. काम एकच, गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची. पुढारीपण म्हणजे एवढेच, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. कुर्ट हान यांच्या चरित्राने ती पुसली.

हान १८८६ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मले. १९२० साली त्यांनी प्रिन्स मॅक्स यांच्यासह दक्षिण जर्मनीत सालेमची शाळा उभारली. १९३२ मध्ये पोटेम्पा गावात नाझींनी एका कामगाराला त्याच्या आईदेखत ठार मारले. हिटलरने मारेकऱ्यांची पाठराखण केली. तेव्हा हान यांनी माजी विद्यार्थ्यांना पत्रे धाडून सालेम आणि हिटलर यांतून एकाची निवड करायला सांगितले. पुढच्याच वर्षी तुरुंगवास घडला. शाळा सुटली, देशही सुटला.

पन्नाशी जवळ आलेली, मुलूख परका. तरी १९३४ साली त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली. तिथली मुले किनाऱ्यावर पहारा देत. १९६२ साली वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज सुरू झाले. तिथे देशोदेशीची मुले एकत्र शिकत आणि बुडणाऱ्यांना वाचवायला बोट घेऊन जात. मुलांच्या हाती नुसता अधिकार नव्हे, दुसऱ्याचा जीव सोपवावा, ही हान यांची रीत.

१९७४ साली ते वारले. त्यांच्या विचारांतून वाढलेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजांपैकी एक १९९७ पासून आपल्या पुण्याजवळ, मुळशी तालुक्यात आहे.

फळ्यावरची ती नावे आठवली की आजही ओशाळायला होते. त्यांतल्या एकालाही मी कधी हात दिला नव्हता.