६४ केबीच्या जमान्यात कॉम्प्युटरला फाईल कॉपी करायला शिकवणारा गॅरी किल्डॉल

हातातल्या फोनला ८ जीबी रॅम असते, तरी फाईल कॉपी व्हायला दोन मिनिटं लागली की आपली चिडचिड होते. पण एक काळ असा होता की अख्ख्या कॉम्प्युटरची मेमरी जास्तीत जास्त ६४ किलोबाइट असायची. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा त्यात बहुतेक मावला नसता.

तेवढ्याशा जागेत कॉम्प्युटर कामाला लावणाऱ्या माणसाचं नाव होतं गॅरी किल्डॉल.

गॅरीचा जन्म १९४२ सालचा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरच्यांची जहाजावरच्या लोकांना दिशाशास्त्र शिकवणारी शाळा होती. गॅरी मात्र कॉम्प्युटरकडे वळला. डॉक्टरेटही मिळवली आणि कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या संस्थेत शिकवलंही. तिथे त्याच्या हातात इंटेलची ४००४ ही चिप आली आणि गडी तिच्या नादालाच लागला.

१९७४ मध्ये त्याने सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्या १६ किलोबाइट मेमरीतही चालायच्या. फाईल कॉपी करायला त्यात पिप नावाचा प्रोग्राम होता.

आता कॉपी करणं एवढं संथ का असायचं, ते समजून घ्या. विहिरीतलं पाणी हौदात भरायचं आहे. बादली मोठी असेल तर चार खेपा पुरतात, हातात तांब्या असेल तर शंभर खेपा होतात. मेमरी म्हणजे ती बादली. फ्लॉपीवरून थोडं वाचायचं, मेमरीत ठेवायचं, दुसऱ्या फ्लॉपीवर लिहायचं, की पुन्हा मागे. त्यात फ्लॉपी फिरणार आणि तिचं हेड सरकणार, म्हणजे प्रत्येक खेपेला वेळ जाणार.

गॅरीने आणखी एक मोठं काम केलं. प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा, म्हणून यंत्राशी थेट बोलणारा भाग त्याने बाजूला काढला. त्यालाच नाव पडलं बायोस. नव्या मशीनसाठी फक्त तेवढाच भाग बदलायचा, बाकी सिस्टीम तीच. पत्नी डोरोथीसोबत त्याने काढलेली डिजिटल रिसर्च कंपनी यामुळे जोरात चालली.

मग १९८० साल उजाडलं. आयबीएमची माणसं दारात आली. गॅरी त्या सकाळी स्वतःचं विमान घेऊन कामासाठी बाहेर गेला होता. डोरोथीने गुप्ततेच्या करारावर सही करायचं टाळलं आणि पुढे व्यवहार काही जमला नाही. ते काम मिळालं मायक्रोसॉफ्टला. त्यांनी सिएटलच्या एका कंपनीकडून सीपी/एमच्या धर्तीवर बनलेली सिस्टीम विकत घेतली आणि तीच डॉस झाली.

गॅरीने तक्रार केल्यावर आयबीएमने त्याची सिस्टीमही विकायला ठेवली. पण किंमत बघा. डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ तब्बल २४० डॉलरला. लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नको.

तरीही त्याची कंपनी थांबली नाही. १९८३ च्या सीपी/एम प्लसमध्ये ६४ किलोबाइटच्या पलीकडची मेमरी वापरता येत होती. डिस्कवरचा लागणारा मजकूर तिथे धरून ठेवायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा डिस्ककडे पळावं लागत नाही. पुढे पीसीवर प्रोग्रामसाठी ६४० किलोबाइटची मर्यादा सगळ्यांना छळत होती. १९९० मध्ये त्यांच्या डीआर डॉस ५ ने सिस्टीमचा बराच भाग त्या मर्यादेच्या वर सरकवला आणि प्रोग्रामना जागा मोकळी करून दिली. पुढच्याच वर्षी एमएस-डॉस ५ मध्येही तीच सोय आली.

१९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नोव्हेलने विकत घेतली. ११ जुलै १९९४ ला, एका दुखापतीनंतर, गॅरी गेला. वय होतं अवघं ५२.

गॅरी विमान उडवत बसला आणि नशीब हुकलं, हा किस्सा जगभर फिरला. त्याचं काम मात्र त्या किश्श्याखाली दबून गेलं. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्याच्या जुन्या कंपनीच्या जागी सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक लागला.

पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू करताना स्क्रीनवर बायोस हा शब्द दिसला, तर या माणसाची एकदा आठवण काढा. तो शब्द त्याच्याच घरचा आहे.